डेल चिहूली यांची काच : पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

उन्हाळा लागला की सिअ‍ॅटलच्या मराठी घरांत आई-बाबा, सासू-सासरे येऊन दाखल होतात. जेट लॅग उतरला की त्यांची वरात स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या ‘चिहूली गार्डन अँड ग्लास’ या काचशिल्पांच्या संग्रहालयात निघतेच. मीही बऱ्याच जणांना तिथे फिरवून आणलं आहे. दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. सिअ‍ॅटलला येणार नसाल तरी हरकत नाही. या माणसाचं काम दुबईतही आहे, लंडनमध्येही.

हे चिहूली नक्की कोण?

काचशिल्पकार डेल चिहूली यांचा जन्म १९४१ चा, गाव टकोमा. सिअ‍ॅटलपासून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर. वडील खाटीक होते आणि कामगार संघटनेचं कामही करायचे. १९५७ मध्ये मोठा भाऊ नौदलाच्या विमान-प्रशिक्षणात अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी वडील हृदयविकाराने गेले. कॉलेजात जायची या मुलाची फारशी इच्छा नव्हती, आईने हट्टाने पाठवलं.

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये विषय घेतला इंटिरिअर डिझाइन. तिथे विणकामाच्या वर्गात यांनी कापडात काचेचे तुकडे विणून पाहिले. काचेशी संबंध आला तो असा आडवाटेने. मग १९६५ मध्ये घराच्या तळघरात रंगीत काच वितळवून, एका लोखंडी नळीने त्यात फुंकर मारून पहिला फुगा काढला. त्यानंतर दुसरं काही करायचं मनात आलं नाही, असं ते सांगत आले आहेत.

पुढचं शिक्षण विस्कॉन्सिनला, हार्वी लिटलटन यांच्याकडे. लिटलटन हे महत्त्वाचं नाव आहे. तोवर काच फुंकणं हे कारखान्याचं काम होतं : मोठी भट्टी, पाळ्या, मालक. १९६२ मध्ये ओहायोतल्या टोलीडोच्या संग्रहालयात लिटलटन यांनी कार्यशाळा घेऊन दाखवून दिलं की छोटी भट्टी बांधून एकटा कलाकारही काच वितळवू शकतो. अमेरिकेतली स्टुडिओ ग्लासची चळवळ तिथून सुरू झाली. चिहूली त्या चळवळीच्या पहिल्या पिढीतले. १९६८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ते व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर, व्हेनिनीच्या कारखान्यात गेले. तिथे उलटंच शिकले. काचेचं मोठं काम एकट्याने होत नाही, त्याला टोळी लागते. त्यांची पुढची सगळी कारकीर्द या दुसऱ्या धड्यावर उभी आहे.

परत आल्यावर ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये काचेचा विभाग दहाएक वर्षं चालवला आणि १९७१ मध्ये सिअ‍ॅटलच्या उत्तरेला जंगलात पिलचक ही शाळा काढली. तिच्याविषयी शेवटी सांगते.

निसर्गाचं वेड कुठून आलं?

दोन ठिकाणी शोधायचं. एक, आईची बाग. टकोमातल्या त्या घराभोवती अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं होती. वसंतात या भागात ही झुडपं अशी फुलतात की पानं दिसेनाशी होतात. गुलाबी, किरमिजी, केशरी, सगळे रंग एकमेकांशेजारी बिनधास्त. चिहूलींच्या काचेत रंगांचं जे भडक संमेलन दिसतं, त्याची दीक्षा मला वाटतं तिथलीच आहे.

दुसरं, समुद्र. टकोमा प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या काठावर आहे. जपानी कोळी जाळ्यांना बांधायचे ते काचेचे पोकळ गोळे सुटून, पॅसिफिक ओलांडून इकडच्या किनाऱ्यांना लागत. लहानपणी वेचलेले ते गोळे १९९१ मध्ये त्यांच्या कामात परत आले. ‘निजिमा फ्लोट्स’ नावाचे हे प्रचंड गोळे व्यासाला मीटरभरापर्यंत जातात. तोंडाने फुंकलेल्या काचेत याहून मोठा गोल क्वचितच कुणी केला असेल. निजिमा हे टोकियोच्या दक्षिणेला असलेल्या एका बेटाचं नाव.

हे कोणतं फूल आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः ज्यांची घरी बाग आहे त्यांच्याकडून. “हे कर्दळीसारखं दिसतंय, पण पान तसं नाही.” उत्तर असं की हे कोणतंच फूल नाही.

काचेचं हुबेहूब फूल करण्याची परंपरा वेगळी आहे. हार्वर्डच्या संग्रहालयात ब्लाश्का नावाच्या जर्मन बापलेकांनी केलेली काचेची फुलं आहेत. १८८७ ते १९३६ या काळात त्यांनी ७८० जातींच्या वनस्पतींचे चार हजारांवर नमुने केले, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. पुंकेसर मोजून घ्यावेत इतकी अचूक. खऱ्या फुलाशी ताडून पाहायची ती काच.

चिहूलींच्या काचेकडे तसं पाहिलं तर निराशा होईल. इथे पाहायचं ते असं : भट्टीतून काढलेलं काचेचं भांडं मऊ असताना फुंकणी जोरात गरगर फिरवली की भांड्याची कड बाहेर फाकते. कड फाकते म्हणजे तिचा परीघ वाढतो, आतला भाग मात्र तेवढाच राहतो. कडेची ही जास्तीची लांबी सपाटीत मावत नाही, मग तिला चुण्या पडतात, लाटा पडतात. पाकळीच्या किंवा समुद्रशेवाळाच्या कडेला झालर येते तीही याच हिशेबाने : मधल्या भागापेक्षा कड जास्त वाढते आणि दुमडत जाते. वनस्पतीत हे वाढीमुळे होतं, काचेत फिरकीमुळे आणि वजनामुळे. भूमिती एकच.

म्हणून चिहूलींचं वैशिष्ट्य मला नक्कल न करण्यात दिसतं. काच तापली की तिला स्वतःची म्हणून एक वळण्याची, लोंबण्याची, फाकण्याची रीत असते. ती रीत मोडून तिला आखीव आकारात बसवायचं, हा शतकानुशतकांचा काचकामाचा शिरस्ता. यांनी तो सैल केला. साचे आणि अवजारं शक्य तितकी कमी केली, उष्णता, फुंकर आणि गुरुत्वाकर्षण यांना मोकळं सोडलं, आणि मग जे तयार झालं ते आपोआपच शिंपल्यासारखं, फुलासारखं, जेलीफिशसारखं दिसायला लागलं.

काच फुंकतात म्हणजे नेमकं काय करतात?

हे वाचण्यापेक्षा पाहावं. टकोमाच्या म्यूझियम ऑफ ग्लासमध्ये, त्या तिरक्या स्टीलच्या शंकूखाली, प्रेक्षकांना बाकांवर बसून पाहता येतं. तरी सांगते.

भट्टीत वितळलेली काच ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पोकळ पोलादी फुंकणीचं टोक तिच्यात बुडवून फिरवलं की टोकाला काचेचा गोळा चिकटून येतो. त्या क्षणापासून फुंकणी सतत फिरती ठेवायची. थांबली की काच खाली ओघळते आणि गोळा एका बाजूला लोंबतो. मग फुंकर. ती जोराची नसते, अगदी हलकी असते. आत बुडबुडा तयार होतो. त्यावर पुन्हा काचेचा थर, पुन्हा फुंकर.

आकार कशाने देतात ते पाहून आमच्याकडच्या बहुतेक पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. वर्तमानपत्राची जाड घडी पाण्यात भिजवून तळहातावर ठेवतात आणि तिच्यावर तो लालभडक गोळा फिरवतात. कागद आणि काच यांच्यामध्ये वाफेचा पातळ थर तयार होतो, म्हणून हात भाजत नाही. जळक्या कागदाचा वास सगळ्या शेडमध्ये पसरतो, ठिणग्या उडतात आणि कारागीर निवांतपणे बाकावर बसलेला असतो, जणू पोळपाटाशी बसला आहे.

काच थंडावत आली की दुसऱ्या छोट्या भट्टीच्या तोंडात धरून पुन्हा तापवायची. या येरझारा कितीतरी वेळा. शेवटी भांडं फुंकणीवरून दुसऱ्या भरीव सळईवर घेतात, म्हणजे तोंडाची बाजू मोकळी होते. तिला तापवून फाकवायचं. आणि मग सगळ्यात कंटाळवाणी पण सगळ्यात महत्त्वाची पायरी, काच निववणं. तयार वस्तू उघड्यावर ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला नंतर, आणि त्या ताणाने ती फुटते. म्हणून तिला सुमारे ५०० अंशांच्या पेटीत ठेवून तापमान अगदी सावकाश उतरवतात. पातळ वस्तूला एखादी रात्र पुरते, जाड वस्तूला बरेच दिवस लागतात.

त्या वाकड्यातिकड्या टोपल्या मुद्दाम तशा केल्यात की बिघडल्यात?

मुद्दाम. १९७७ मध्ये चिहूली टकोमाच्या इतिहास-संग्रहालयात गेले होते. तिथे वायव्य अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या विणलेल्या टोपल्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या वजनाने त्या खचल्या होत्या, कलंडल्या होत्या. ते खचलेपण काचेत आणता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला. गरम काच तर स्वतःच्याच वजनाने खचतेच, इतर कारागीर तेच टाळायला धडपडत असतात. यांनी तिला खचू दिलं.

‘चिहूली गार्डन अँड ग्लास’मध्ये नॉर्थवेस्ट रूम म्हणून दालन आहे, तिथे या काचेच्या टोपल्या आणि खऱ्या विणलेल्या टोपल्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. लोक पुढच्या झगमगाटाकडे धावतात आणि हे दालन भरभर उरकतात. तसं करू नका. माझ्या मते त्यांची सगळी कारकीर्द समजून घ्यायची किल्ली इथे आहे. एका मोठ्या टोपलीच्या पोटात लहान टोपल्या कलंडून बसलेल्या असतात. भिंत इतकी पातळ की आतलीची कड बाहेरून दिसते.

शिंपल्यांवरच्या रेषा रंगवलेल्या असतात का?

नाही. ‘सीफॉर्म्स’ ही मालिका १९८० ची, आणि मला व्यक्तिशः सगळ्यात आवडणारी.

रेषा दोन प्रकारच्या आहेत. वर्तुळाकार फिरत जाणारी बारीक रंगीत रेषा म्हणजे काचेचाच धागा. गोळा लहान असताना त्याच्याभोवती रंगीत काचेची तार गुंडाळतात. पुढे गोळा फुगतो, पसरतो, तशी ती तारही त्याच्याबरोबर ताणली जाऊन केसासारखी होते. शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा दिसतात तशी ती दिसते.

दुसऱ्या रेषा म्हणजे उभ्या पन्हाळी. मऊ गोळा आतून खाचा असलेल्या साच्यात फुंकतात, त्याने त्याच्यावर उंचवटे उठतात. हे नुसतं नक्षीसाठी नाही. घराच्या छपराचा पत्रा पन्हाळी असतो तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी : घड्या पडल्या की पातळ वस्तूही वाकत नाही. पन्हाळींमुळे भांडं आणखी पातळ फुंकता आलं आणि पातळ झाल्यावर ते आणखी लवलवीत झालं. समुद्रातल्या कालवांनी आणि शिंपल्यांनी हीच युक्ती फार आधी काढून ठेवलेली आहे. शिंपल्याची आठवण या मालिकेत अशी मागच्या दाराने आली. आधी ताकदीचा प्रश्न सुटला, मग लक्षात आलं की हे समुद्रातलं दिसतंय.

जवळ जाऊन पाहा. पांढरट गुलाबी शिंपला, कडेला गडद लाल रेघ, आत त्याहून लहान तीन-चार, आणि दिव्याचा प्रकाश पडला की खालच्या पांढऱ्या फळीवर पाण्याच्या तळाशी उमटतात तशा प्रकाशाच्या जाळ्या.

इतके रंग कुठून आणतात? काही वर्षांनी उडत नाहीत का?

उडत नाहीत, कारण रंग वर लावलेला नसतो, काचेतच असतो. धातूंची संयुगं काचेत वितळवून रंग मिळतात : कोबाल्टने निळा, सोन्याने लालसर गुलाबी. बागेत उभे केलेले फिकट जांभळे उंच दांडे आहेत त्यांत निओडिमियम असतं. गंमत म्हणजे तेच दांडे ट्यूबलाइटखाली ठेवले तर निळसर दिसतात.

१९८१ मध्ये त्यांनी ठरवलं की कार्यशाळेत असलेले जवळपास तीनशे रंग सगळे वापरून पाहायचे. त्यातून मोठमोठ्या ठिपकेदार वाट्यांची ‘माकिया’ मालिका झाली. आत एक रंग, बाहेर दुसरा, कडेला तिसरा. दोन रंग एकमेकांत मिसळून मळकट होऊ नयेत म्हणून मध्ये पांढऱ्या काचेचा थर. त्यांच्या आईने या वाट्यांना सुरुवातीला कुरूप म्हटलं होतं. आईचं मत अगदीच चूक नव्हतं, काही वाट्या खरंच डोळ्यांवर येतात.

फोटोत त्यांच्या डोळ्यावर काळी पट्टी का दिसते?

१९७६ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघात झाला, समोरची काच फोडून ते बाहेर फेकले गेले आणि डावा डोळा गेला. काचकामात एका डोळ्याने भागत नाही, कारण तप्त वस्तू किती अंतरावर आहे याचा अंदाज दोन डोळ्यांनीच येतो. तरी काही काळ ते फुंकत राहिले. १९७९ मध्ये समुद्राच्या लाटांवर खेळताना खांदा निखळला, आणि मग फुंकणी दुसऱ्यांच्या हाती दिली.

आणखी एक गोष्ट त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लेस्ली यांनी २०१७ मध्ये स्वतःहून जाहीर केली, ती म्हणजे त्यांना बायपोलर डिसऑर्डर आहे. अफाट कामाचे महिने आणि अंथरुणातून न उठण्याचे महिने, असं ते चक्र. लपवून ठेवायची गोष्ट नाही म्हणून त्यांनी सांगितलं, म्हणून मीही इथे सांगते.

म्हणजे हे सगळं ते स्वतः करतच नाहीत? मग नाव त्यांचं कसं?

हा प्रश्न विचारल्याशिवाय एकही काका बाहेर पडत नाहीत.

१९७९ नंतरची काच त्यांच्या हाताखालच्या टोळीने फुंकलेली आहे. चिहूली मोठ्या कागदांवर रंगांनी भराभर चित्रं काढायचे. त्यांत मापं नसत, नुसता आकाराचा आवेश असे. ते पाहून मुख्य कारागीर, ज्याला तिथे गॅफर म्हणतात, तो काम उचलायचा. १९८० च्या दशकात हे काम विल्यम मॉरिस करत, जे पुढे स्वतःच मोठे काचशिल्पकार झाले. नंतर मुरानोहून लिनो तालियापिएत्रा आणि पिनो सिन्योरेत्तो यांच्यासारखे उस्तादही येऊन काम करून गेले. मुरानोची गुपितं बाहेर जाऊ द्यायची नाहीत ही तिथली जुनी रीत. तालियापिएत्रांनी अमेरिकन पोरांना शिकवून ती मोडली, यावर त्यांच्या गावात बरीच नाराजी होती.

सिनेमाचा दिग्दर्शक कॅमेरा स्वतः धरत नाही, त्याच धर्तीवर चिहूली आपल्या भूमिकेचं समर्थन करत आले. ते मला पटतं. पूर्वी फक्त मालकाचं नाव लागायचं, इथे निदान टोळी कोणाची होती हे नोंदलेलं आहे.

न पटणारी बाजूही सांगते. २००५ मध्ये त्यांनी दोन काचकारांवर नक्कल केल्याचा दावा लावला. त्यांतला एक पूर्वी त्यांच्याचकडे काम केलेला. बचाव असा होता की हे आकार निसर्गाचे आहेत, तापलेली काच सोडली की तशीच वळते, त्यावर कोणाची मालकी कशी? पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि न्यायालयाला निकाल द्यावाच लागला नाही. मला मात्र तो प्रश्न अजून चावतो. ज्याने काचेला तिच्या रीतीने वाहू दिलं म्हणून आपण कौतुक करतो, त्याने त्या वाहण्यावरच हक्क सांगावा? पातळ शिंपल्यांची विशिष्ट रचना, रंगसंगती, एकात एक बसवण्याची कल्पना त्यांची, हे खरं. पण कडेची लाट कोणाचीच नाही.

झुंबरात बल्ब दिसत नाही?

नसतोच. पोलादी सांगाड्याला काचेचे शेकडो पोकळ तुकडे तारेने बांधलेले असतात. उजेड बाहेरून टाकतात. १९९२ पासून ते झुंबरं करू लागले. एकेक तुकडा नाजूक, पण एकत्र लटकवल्यावर टनांत वजन.

यातली सगळ्यात धाडसी कामगिरी व्हेनिसची. १९९५ पासून फिनलंड, आयर्लंड आणि मेक्सिको इथल्या कारखान्यांत तिथल्या कारागिरांबरोबर काच केली आणि १९९६ च्या सप्टेंबरात ती व्हेनिसच्या कालव्यांवर, चौकांत टांगली. कारखान्याची काच पुन्हा त्याच शहरात, जिथे ते शिकले होते.

फिनलंडच्या नूतायार्वी गावात एक प्रकार घडला. काचेचे तुकडे पाण्यात कसे दिसतील हे पाहायला चिहूली ते पुलावरून नदीत फेकू लागले. पोकळ असल्याने ते तरंगत खाली वाहत गेले. ते गोळा करायला गावातली पोरं लाकडी होड्या घेऊन निघाली आणि होड्या रंगीत काचेने भरून परत आल्या. काचेने भरलेली होडी हा त्यांच्या प्रदर्शनांतला कायमचा भाग झाला, तो तिथून. काळ्या चकचकीत पृष्ठभागावर ठेवलेली होडी पाहाल तेव्हा एवढं आठवावं.

बाहेर बागेत काच? पाऊस-बर्फात फुटत नाही?

नीट निववलेली काच थंडी-पावसाला बऱ्यापैकी दाद देत नाही. तिचा शत्रू म्हणजे तापमानात अचानक होणारा बदल आणि धक्का. सिअ‍ॅटलच्या बागेतली शिल्पं बारा महिने बाहेर असतात. बागेतल्या प्रदर्शनांचा सिलसिला २००१ मध्ये शिकागोच्या गारफील्ड पार्कच्या काचघरापासून सुरू झाला. मग लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २००५ आणि पुन्हा २०१९, न्यू यॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये २००६ आणि २०१७. खऱ्या झाडांमध्ये उभी राहिल्यावर ही काच पुष्कळ शहाणी वाटते. पांढऱ्या भिंतीच्या दालनात जो भडकपणा खुपतो, तो पानांच्या हिरव्यात मावून जातो.

मी ऐकलं की काही शिल्पं प्लास्टिकची आहेत?

बरोबर ऐकलंत. टकोमात चिहूलींच्या कामाने सजवलेला एक पादचारी पूल आहे, ‘ब्रिज ऑफ ग्लास’. त्या काचपुलावरचे दोन निळे बर्फाळ मनोरे काचेचे नाहीत, एका प्रकारच्या प्लास्टिकचे आहेत. वारा आणि वजन यांचा विचार करून तसं केलं. पुलाच्या छतातले शिंपले मात्र अस्सल काच.

ही कला आहे की हॉटेलची सजावट?

टीकाकार हेच म्हणतात, आणि लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलच्या छताकडे पाहून मलाही क्षणभर तसंच वाटलं. १९९८ चं ते काम, सुमारे दोन हजार काचेची फुलं, अठरा टनांच्या आसपास काच. खाली लोक बॅगा ओढत चेक-इनच्या रांगेत. एवढं सगळं एकाच वेळी अंगावर आलं की एकही फूल दिसत नाही.

पण त्याच माणसाची एकटी, हाताच्या ओंजळीएवढी सीफॉर्म पाहिली की तक्रार विरते. ते जितके लहान करतात तितके मोठे कलाकार वाटतात, हे माझं मत, आणि माझ्या घरात या मताच्या बाजूने दुसरं कोणीही नाही. सगळ्यांना मोठी झुंबरंच आवडतात.

सिअ‍ॅटलला कधी जावं? वेळ किती लागतो?

दीड ते दोन तास आरामात. जून-जुलैत इथे रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बंद व्हायची वेळ पाहून संध्याकाळी उशिरा आत गेलात तर उजेडातली बाग आणि दिव्यांतली काच दोन्ही एका तिकिटात. काचघरात लाल-केशरी-पिवळ्या फुलांचं शंभर फूट लांबीचं शिल्प टांगलेलं आहे आणि छतातून वर स्पेस नीडल दिसते. सगळे फोटो तिथलेच असतात. पर्शियन सीलिंग या दालनात काचेच्या छतावर शेकडो तुकडे पसरून वरून प्रकाश सोडला आहे. ज्येष्ठांची मान दुखते, भिंतीला टेकून पाहायला सांगा. व्हीलचेअर सगळीकडे जाते. हात कशालाच लावायचा नाही, नातवंडांना आधीच बजावा.

तिकीट न काढता कुठे पाहता येईल?

टकोमाचा काचपूल रस्त्यावरचाच, चालत जायचं. जवळच्या जुन्या युनियन स्टेशनमध्ये, म्हणजे आताच्या न्यायालयाच्या इमारतीतही काम आहे. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रवेशद्वारातच आठेक मीटर लांबीचं निळं-हिरवं झुंबर लोंबतं आहे. संग्रहालयाला प्रवेश मोफत. बेलाजिओची लॉबी सगळ्यांना खुली. आणि दुबईला पाम बेटावरच्या अटलांटिस हॉटेलच्या लॉबीत दहा मीटर उंचीचं, तीन हजारांवर तुकड्यांचं शिल्प आहे. आपले टूरवाले तिथे फोटोसाठी नेतात, पण कुणाचं आहे ते सांगत नाहीत.

आपल्याकडे असं काही होतं का?

कराडचे पाहुणे आले की ओगलेवाडी निघतेच, आणि ते योग्यच आहे. ओगले बंधूंचा काच कारखाना आणि त्यांचे प्रभाकर कंदील घरोघरी होते. त्याआधी लोकमान्यांचं पाठबळ लाभलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला, आणि तिथे शिकून तयार झालेले लोक देशभरच्या कारखान्यांत गेले. फुंकणी, भट्टी, काच निववणं, हे सगळं ज्ञान आपल्याकडे होतं. पण तिथे कंदिलाची चिमणी दर वेळी तंतोतंत तशीच यायला हवी होती. वाकडी आली की ती परत वितळवायची.

या वाटेने जाणारे आणखी कोण?

सिअ‍ॅटलच्याच डेबोरा मूर यांची ऑर्किड्स जरूर पाहा. शेवाळलेल्या फांदीवर उमललेली, आणि ही मात्र ऑर्किडच आहेत. रेव्हन स्कायरिव्हर व्हेल, सील, मासे करतात. न्यू जर्सीचे पॉल स्टँकार्ड यांचं काम तळहातावर मावणारं : पारदर्शक गोळ्याच्या आत रानफुलं, मुळं आणि मधमाश्या.

मला किंवा मुलांना शिकता येईल?

येईल. पिलचक शाळा चिहूलींनी १९७१ मध्ये जॉन आणि अ‍ॅन हाउबर्ग या दांपत्याच्या झाडांच्या मळ्यावर, दोन हजार डॉलरच्या अनुदानावर सुरू केली. पहिल्या उन्हाळ्यात धो धो पाऊस, विद्यार्थ्यांनी राहायचे आडोसेसुद्धा स्वतः बांधले आणि भट्टीही. आज जगभरातले काचकार तिथे शिकायला-शिकवायला येतात. तिथला प्रवेश गंभीर विद्यार्थ्यांसाठी. हौसेखातर अर्ध्या तासात एक गोळा किंवा फूल करून पाहायचं असेल तर सिअ‍ॅटल-टकोमा भागात छोट्या कार्यशाळा भरपूर आहेत, आधी नोंदणी करून जायचं.

जाताना सुती कपडे घाला. नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. बंद बूट हवेत, चपला-सँडल चालत नाहीत. ओढणी घरी ठेवा, केस बांधा, पाण्याची बाटली घ्या. आणि तुमचा गोळा त्याच दिवशी मिळणार नाही. तो निववायच्या पेटीत जातो, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका.